माझं तोंड उजळलं तो उन्हाळा

"तुमच्या चेहऱ्यावर किती तेज आहे हो, काय लावता?" असं मला अजूनही विचारतात. लग्नाकार्यात कुणी ना कुणी हमखास विचारतंच. मी हसते, "काय नाय बाई, वेळेवर झोपते" म्हणते आणि विषय बदलते. वेळेवर झोपते हे खरंच आहे. पण ती झोप मला पहिल्यांदा कशी मिळाली, हे आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. लाज वाटते म्हणून.

गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. आमचं गाव शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनापासून जीपने अर्धा तास आत. घरात आई, बाबा, मोठा भाऊ, मी आणि आदल्या मे महिन्यात लग्न होऊन आलेली वहिनी. बाबा भातशेती बघायचे. भाऊ आणि मी वाशिंदला कामाला, तो एका कारखान्यात आणि मी पॅकिंगच्या कंपनीत. दोघांचीही पहिली पाळी, म्हणजे पाचला उठून सहाच्या आत जीप गाठायची.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथनंच सुरू झालं. आमच्या तालुक्यात धरणं आहेत, चांगली मोठाली, आणि पाणी जातं मुंबईला. आमच्या गावाला महाशिवरात्र झाली की एक विहीर आणि तिच्या तळाचा एक झरा. दिवसा लोक उपसून उपसून तो आटवायचे, रात्री तो हळूहळू पाझरायचा. एकेक हंडा भरायला एवढा वेळ लागायचा की रात्रीचे नंबर लावावे लागत. दर घरामागं एक बाई बसायची. बाई उठून गेली की तिचा हंडा रांगेतून बाजूला, मग ती सरपंचाची बायको का असेना. आणि बसायचं ते बाईनेच. पुरुष हंडा घेऊन बसलेला कुणी बघितला नव्हता.

आईचे गुडघे गेलेले. वहिनी नवी. नव्या सुनेला पहिलं वर्षभर रात्री पाणवठ्यावर धाडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. राहिले मी. चारेक उन्हाळे मीच बसत होते. जेवण झालं की साडेनऊला विहिरीवर, दीड-दोनला भरलेले हंडे घेऊन घरी, पाचला परत उठायचं. त्यात मला काही विशेष वाटत नसे. सगळ्याच बसायच्या. तिथे गप्पा चालत, चेष्टामस्करी चाले, एखादी पेंगली की दुसरी तिच्या मानेवर गार पाणी शिंपडायची.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी मला बघायला पहिली माणसं आली. चहा झाला, पोहे झाले, मुलगा बरा होता. आठवड्याने मध्यस्थ आला. आईने त्याला पाट दिला, मी दाराआड कान लावून उभी.

तो घसा खाकरून म्हणाला, "घर पसंत हाय त्यांना. पोरीला काय आजार हाय का, इचारत व्हते. डोले खोल गेल्यात म्हनले. कातडी पन मेल्यासारखी."

मेल्यासारखी! बाविसाव्या वर्षी! मी दाराआड हबकून उभी राहिले. मग आत जाऊन कोनाड्यातला आरसा काढला आणि कितीतरी वर्षांनी स्वतःकडे नीट बघितलं. त्याआधी आरशात बघायचं ते टिकली मधोमध आहे का एवढ्यापुरतं. डोळ्यांखाली बोटबोट काळं, गाल बसलेले, हनुवटीवर पुटकुळ्या. ओठांच्या कडा फाटलेल्या. त्या माणसांचा मला फार राग आला, पण ते खोटं बोलले नव्हते.

मग सुरू झाला माझ्या तोंडावरचा उद्योग. आईने हळद-बेसन लावलं. शेजारणीने मुलतानी माती दिली. कंपनीतल्या एकीने कुठल्याशा पुरवणीतलं कात्रण आणलं, त्यात काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवा असं होतं. मी आपली ओटीवर आडवी पडून डोळ्यांवर काकडी ठेवायची. बाबा एकदा शेतावरून आले आणि म्हणाले, "कोशिंबीर ताटात वाढायची सोडून तोंडावर कशाला वाढलीय?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. तिच्या डाव्या गालाला खळी पडायची. तिला बघायला आम्ही मुरबाडकडे गेलो होतो ना, तेव्हा मला त्या खळीचाच हेवा वाटला होता. काय कांती होती तिची! उन्हातान्हात वाढलेली पोर, सावळीच, पण आत दिवा लावल्यासारखी. तिच्या माहेरी विहीर बारमाही, घरामागेच. जीपमध्ये परत येताना मीच सगळ्यांना म्हणाले होते, हीच करायची.

काकडीने काही झालं नाही. शेवटी आई मला शहापूरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पापण्या ओढून बघितल्या, जीभ बघितली, नाडी बघितली. मग विचारलं, "झोपतेस किती?"

मला प्रश्नच कळला नाही. झोपते म्हणजे झोपते. त्यांनी बोटं मोजत माझ्याकडूनच हिशोब काढून घेतला. दोनला आडवी, पाचला उठते. तीन तास. चार उन्हाळे.

"आणि तोंडाला काय काय फासलंस?" मी यादी सांगितली. बाई हसल्या नाहीत, चिडल्या. "अगं, रात्री माणूस झोपतं तेव्हा आतली डागडुजी होते. कातडीची, डोळ्यांची, सगळ्याची. तू कारागिरांना आतच येऊ देत नाहीस आणि बाहेरनं रंग लावतेस! थोडं लोहाचं औषध देते. पण खरं औषध झोप. रोज सात-आठ तास, ठरल्या वेळेला, अंधारात. दोन महिने कर आणि मला येऊन तोंड दाखव."

परतीच्या जीपमध्ये डोक्यात तेच घोळत होतं. झोप हे औषध! कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. आमच्याकडे झोपणं म्हणजे आळस. उशिरा उठणारीला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते काय सांगू. आणि शिकलेली बाई म्हणते, तेच तुझं औषध!

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "डॉक्टरीण म्हणाली, रात्रीचं जागायचं नाय. नाय तर हे जायचं नाय तोंडावरचं."

 पाणी तर लागणारच होतं. आई भाकरीचा तुकडा मोडत राहिली, भाऊ ताटात बघत राहिला. चुलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली, "जाईन मी."

बस्स. एवढंच. तिचं वर्ष पुरं व्हायला दोन महिने होते आणि ती रीत घरात सगळ्यांना पाठ होती. पण कुणी मान वर केली नाही. मीही नाही. मी उलट मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची!

आणि झोपले. अगं आई गं, काय झोपले मी! नऊ वाजता घोंगडी अंथरायची, आई माझ्यासाठी दिवा मालवायची, बाबांना रेडिओ बारीक करायला लावायची. पहिले आठ दिवस नुसती मेल्यासारखी पडत होते. मग हळूहळू सकाळी आपोआप डोळा उघडायला लागला. पंधरवड्यात हनुवटीवरच्या पुटकुळ्या सुकल्या. महिन्याने डोळ्यांखालचं काळं ओसरलं. दीड महिन्याने कंपनीतल्या बायका मला घेरून विचारायला लागल्या, कुठलं क्रीम गो? मला स्वतःलाच धक्का बसायचा. येता-जाता आरशात बघायचे. माझे गाल माझेच आहेत यावर विश्वास बसायचा नाही. असा चेहरा माझ्याकडे होता आणि मला बावीस वर्षं ठाऊकच नव्हतं!

त्या दोन महिन्यांत मी वहिनीकडे बघितलं का? रोज बघत होते. पहाटे डबा तिच्याच हातातून घेत होते. चारला उठून ती दोन डबे करायची, म्हणजे विहिरीवरून येऊन ती फार तर दोन तास पाठ टेकत असेल. हा हिशोब काही अवघड नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला तो बोटांवर करून दाखवला होता. माझा केला, तिचा केला नाही. दुपारी लवंडत असेल, असं मी धरून चालले. सून दुपारी लवंडलेली आईला चालली असती का, हेही मला चांगलंच ठाऊक होतं.

मे महिन्यात दुसरं स्थळ आलं. मुरबाडकडचं. मुलगा शिकलेला, कल्याणला नोकरी, मागणी काही नाही. मध्यस्थाने मला बाजारात बघून आपण होऊन आणलेलं. आईचा जीव त्या स्थळात अडकला होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही. मुलाचा फोटो मी उशीखाली ठेवला होता.

मुलगा, त्याचे वडील आणि आत्या असे तिघं आले. आत्या जाडजूड, कपाळाला ठसठशीत कुंकू, बोलायला फटकळ. सगळी सूत्रं तिच्या हातात हे आल्याबरोबर कळलं. मी पोपटी साडी नेसून समोर बसले. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड भरून म्हणाली, "पोर गोमटी हाय गो! तोंड कसं टवटवीत!"

आईला काय ते भरतं आलं. पहिल्या माणसांनी केलेला अपमान तिच्या मनात होताच. आपली लेक किती लाडाची, हे दाखवायची ही वेळ असं तिला वाटलं. ती म्हणाली, "लय जपतो आमी तिला. रातचं नवाला झोपवतो बगा. आमच्याकडं रातचं पानी भरायला लागतं इहिरीवर, पन तिला नाय धाडत. सून जाते."

हे तिने मिरवून सांगितलं. मी मान खाली घालून लाजत होते, मलाही ते कौतुकच वाटलं.

तेवढ्यात वहिनी डोक्यावर पदर घेऊन पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. आत्याने पेला उचलला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पेला तसाच हातात राहिला.

"बाय, आजारी हायस का तू?"

वहिनी अगदी हळू म्हणाली, "मावशे, मी गो. वलखलं नाय मला?"

ओटीवर कुणाला काही कळेना. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेला खाली ठेवला, वहिनीची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. आणि तिच्या हाताच्या मागे मलाही ते तोंड दिसलं. खरंच सांगते, मी तेव्हाच बघितलं. डोळे खोल गेलेले, खाली बोटबोट काळं. गाल आत ओढलेले. ओठांच्या कडा फाटलेल्या. कोनाड्यातल्या आरशात शिमग्याआधी मी जे तोंड बघितलं होतं, तेच तिच्या धडावर होतं. 

आत्या वहिनीच्या माहेरगावात, तिच्याच आळीत दिलेली, म्हणून वहिनी तिला मावशी म्हणायची. स्थळ दुसऱ्या गावचं, त्यामुळे हे नातं आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि तिनेही आमचं घर आधी बघितलं नव्हतं. "तुजी हलद मी लावली गो," ती म्हणाली. "वरीस पन नाय झालं. गालाची खली कुटं गेली तुजी?"

वहिनी हसायला बघत होती. "बरी हाय मी, मावशे."

"रातची झोपतेस का?"

"झोपते ना."

आत्याने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत. बघायला आलेली माणसं 'कळवतो' म्हणून उठतात, अशी जगाची रीत. निरोप मध्यस्थाकडून येतो, तोंडावर कुणी बोलत नाही. ही बाई बोलली.

"तुमची लेक चांगली हाय, तिला नावं ठेवायला जागा नाय. पन मला एक सांगा. वरीस न झालेल्या सुनेला तुमी रातचं इहिरीवर बसवता, आनि लेकीला नवाला निजवता. उद्या ही आमच्या घरी आली तर कोनाच्या जिवावर निजंल?"

बाबा उठून उभे राहिले.  मुलगा जमिनीकडे बघत होता. पोहे तसेच राहिले. दहा मिनिटांत ती माणसं जीपच्या रस्त्याला लागली, आणि जाताना आत्याने वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला तो सगळ्यांनी बघितला.

आता माझं खरं खरं सांगते. मला पहिला राग आला तो वहिनीचा. ही बाहेर आलीच कशाला! पाणी आईने नेलं असतं. ओळख द्यायची काय नड होती? माझं ठरत आलेलं लग्न हिच्या तोंडापायी मोडलं! साडीचा पदर खोचून मी तरातरा आत गेले, तिला चांगली फैलावर घ्यायला. जिभेवर काय काय जमलं होतं माझ्या.

ती विळीवर बसली होती, संध्याकाळच्या कालवणाला वांगं चिरायला. डावा हात वांग्यावर, वांगं पात्याला टेकलेलं, मान पुढे कललेली. कपाळ पात्यापासून वीतभर. बसल्या बसल्या झोपली होती.

 हाक मारली तर दचकून पुढे जाईल. मी श्वास धरून खाली बसले, एका हाताने तिचं कपाळ धरलं आणि पायाने विळी मागे सरकवली. ती जागी झाली. पहिला शब्द काय बोलली असेल? "चुकलं, ताई. डोला लागला."

चुकलं म्हणाली ती. मला! मी तिथे सारवलेल्या जमिनीवर बसून मोठ्याने रडले. आईला वाटलं मी स्थळ मोडल्याचं रडतेय. ती दारातून म्हणाली, "रडू नको गो, दुसरं येईल." मी तिच्यावर अशी खेकसले की बाबाही ओटीवरून आत आले. म्हटलं, "झोप काय झाडाला लागते व्हय? मला दिली ती कुणाची काढून दिली, बघितलं का कुणी? मी बघितलं नाय, तुमी तरी बघितलं?"

त्या रात्री साडेनऊला हंडे मी उचलले. वहिनी मागे आली, मी तिला परत फिरवली. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, आली गो नवरी!  सगळ्यांची तोंडं कंदिलाच्या उजेडात मी एकेक करून बघत होते. एकजात सगळ्यांचे डोळे तसेच.

पुढे त्या उन्हाळ्यात आम्ही वाटे पाडले. एक रात्र मी, एक रात्र वहिनी, आणि तिसऱ्या रात्री चक्क माझा भाऊ. तो हंडा घेऊन रांगेत बसला तेव्हा बायकांनी त्याची अशी थट्टा उडवली की बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण बसला. माझं लग्न दोन वर्षांनी झालं, दुसरीकडे. आत्याच्या भाच्याचा फोटो मी केव्हाच चुलीत घातला होता. वहिनीची खळी पावसाळा संपता संपता परत आली.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती स्थळ मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी विहिरीवरून दोनला आले आणि पडलेच नाही. चारला चूल मीच पेटवली, भाकऱ्या मीच थापल्या, वेड्यावाकड्या. सुट्टीचा वार होता, भावाला उठायची घाई नव्हती. आई उठली आणि सवयीने सुनेला हाक मारायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर पिठाचा हात धरला.

वहिनी आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात गालाखाली. ऊन कौलातून तिच्या पायापर्यंत आलं तरी हलली नाही. वर्षभर भाऊ झोपला की ती झोपायची आणि तो उठायच्या आत उठलेली असायची.

भाऊ डोळे चोळत उठून बसला. शेजारी बायको पडलेली बघून घाबरला. त्याने तिच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला, आणि धावत स्वयंपाकघरात आला.

"अगो, तिला ताप आलाय का बग गो. ती उठत नाय."

"नाय रे," मी म्हटलं. "झोपलीय."